दोन बॉड्या, एक लेन्स

"मग, हलकी बॉडी बरी की जड?" दुकानदाराने विचारलं.

मोजणीदाराने खांद्यावरची पिशवी काउंटरवर ठेवली. हातभर लांब टेलिफोटो झूम लेन्स आणि तिला लावलेली कॅमेऱ्याची बॉडी बाहेर काढली, आणि उत्तर द्यायला मुद्दाम वेळ लावला. उत्तर त्याला पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं.

"हलकी फोकस झटकन धरते," तो म्हणाला. "पाकोळी उडती असली तरी सोडत नाही. पण सकाळी उजेड कमी असला की फोटोत दाणे दिसतात."

"म्हणजे जडच घ्या."

"जड बॉडीत दाणे नाहीत. पण तिच्यात पक्षी लहान येतो. शिवाय अर्ध्या तासात मनगट बोंबलायला लागतं."

दुकानदाराने मान डोलावली, जणू हे तो पहिल्यांदाच ऐकत होता. "मग या आठवड्यात पुन्हा हलकी नेऊन बघा. घाई कुठे आहे?"

घाई खरंच कुठेच नव्हती. पस्तीस वर्षं मोजणीदाराने लोकांच्या जमिनी मोजल्या. बांधावरून भांडणारे दोन्हीकडचे लोक तेव्हा त्याची वाट बघत उभे असायचे. निवृत्त झाल्यावर वाट बघणारी एकटी बायको उरली आणि तीन वर्षांपूर्वी तीही गेली. परदेशातल्या मुलाने ही लेन्स पाठवली. "बाबा, तळ्यावर जात जा, पक्षी बघा," म्हणाला. जुन्या कॅमेऱ्याने लवकरच मान टाकली. नवी बॉडी बघायला म्हणून मोजणीदार या दुकानाची पायरी चढला, तेव्हा दुकानदार खोक्यांच्या गराड्यात एकटाच बसला होता.

"दोनच बॉड्या आहेत," तो म्हणाला होता. "एकेक आठवडा दोन्ही वापरून बघा. पण येताना बुधवारीच या, सकाळी अकराला. बाकीच्या दिवशी मला इथे बोलत बसता येत नाही."

अनामत नाही, सही नाही. असा दुकानदार मोजणीदाराने जन्मात पाहिला नव्हता.

तेव्हापासून बुधवार हा त्याच्या आठवड्यातला एकुलता एक वार झाला. बाकीचे सहा दिवस तो तळ्याकाठी दुमडत्या स्टुलावर बसायचा, वहीत दोन रकाने आखायचा आणि प्रत्येक बॉडीच्या नावावर एखादी तरी खोड शोधून काढायचा. खोड सापडली नाही की रचायचा. दुकानात दुसरं गिऱ्हाईक कधी दिसत नसे. भिंतीवर हळूहळू चष्म्यांच्या फ्रेमा लागल्या. नुसत्या कॅमेऱ्यांवर कुणाचं पोट भरतंय आता, असं मोजणीदाराच्या मनात आलं आणि त्याला आणखीनच अपराधी वाटलं.

एका बुधवारी त्याने खंड्याचा फोटो आणला. पाण्यातून वर येणारा, चोचीत मासळी, पंखांवरून निथळणारे थेंब मोजून घ्यावेत असे. दुकानदाराने तो लॅपटॉपवर लावला आणि मोठा करत करत थेट पक्ष्याच्या डोळ्यापर्यंत गेला.

"हे बघा. डोळ्यात अख्खं तळं आलंय."

"आणि काठावर ती काडी कसली?"

दुकानदार पडद्याला नाक लावून बघत राहिला. "काडी नाही, साहेब. तुम्ही आहात."

दोघंही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. हसू ओसरल्यावर दोघंही पुन्हा पडद्याकडे बघू लागले. एवढ्या मोठ्या तळ्याकाठी ती एकच काडी होती.

त्या दिवशी घरी गेल्यावर मोजणीदाराला घास गोड लागेना. आयुष्यात त्याने बोटभर जमीनही खोटी मोजली नव्हती. दोन्ही बाजूंनी आमिषं आली, धमक्या आल्या, तरी साखळी सरळच धरली. आणि आता म्हातारपणी, एका भल्या माणसाला दर आठवड्याला तोंडावर खोटी मापं सांगत होता. बावीस बुधवार झाले होते. हे थांबायलाच हवं होतं. थांबल्यावर बुधवारी काय करायचं, हा प्रश्न त्याने मनातल्या मनात दाबून टाकला.

पुढच्या बुधवारी तो चेकबुक घेऊनच गेला. दुकानदाराने नेहमीसारखं विचारलं, "मग, हलकी की जड?"

"हलकी," मोजणीदार म्हणाला. "आणि हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं."

दुकानदार लेन्स पुसत होता. त्याचा हात थांबला.

"ते दाणे, ते मनगट, सगळं मी पदरचं सांगत होतो. काय आहे, बुधवार सोडला तर आठवडाभर माझ्याशी कुणी चार शब्द बोलत नाही. म्हणून येत राहिलो. तुमचा धंद्याचा वेळ मी खाल्ला. मला माफ करा आणि आज बिल करून टाका."

त्याने चेकबुक उघडून पुढे सरकवलं. दुकानदाराने ते मिटलं आणि तितक्याच हळू परत त्याच्यासमोर ठेवलं.

"बिल कसं करू, साहेब?" तो खाली बघत म्हणाला. "तुम्ही पहिल्यांदा आलात ना, त्या दिवशी मी उरलंसुरलं सामान घरी न्यायला आलो होतो. दुकान आदल्याच आठवड्यात विकलं होतं. नव्या मालकाची बुधवारी सुट्टी असते, तेवढ्यापुरती त्याच्याकडून किल्ली मागून आणतो मी."