मागून येणारी बस

चष्मेवाल्याला बेचाळीस किलोमीटरची भीती नव्हती, भीती होती ती बसची. पहिल्याच मॅरेथॉनला नाव नोंदवलं आणि कळलं की सगळ्यांच्या मागून ठरलेल्या वेगाने एक बस येते; ती ज्याला गाठेल त्याने मुकाट्याने आत बसायचं. त्यात कहर म्हणजे ती चालवायची ड्यूटी लागली त्याच्याच बायकोला.

"माझ्यासाठी जरा हळू आणशील ना?" त्याने महिनाभरात वीसदा तरी विचारलं असेल.

"एकवीस वर्षांत मी मिनिटभर उशीर केलेला नाही. गाठलं तर नवरा म्हणून सोडणार नाही, आत्ताच सांगून ठेवते."

त्या धसक्याने तो रोज पहाटे उठून पळत राहिला.

शर्यतीत एकोणचाळिसाव्या किलोमीटरला पोटरीत गोळा आला, आणि नेमका तेव्हाच मागे ओळखीचा हॉर्न वाजला. वळून बघायची त्याची छाती झाली नाही. आता गाठते, मग गाठते, या धास्तीने तो लंगडत, दात-ओठ खात शेवटच्या रेषेपलीकडे जाऊन कोसळला.

बस बऱ्याच वेळाने आली. संयोजक हातात घड्याळ धरून उभाच होता.

"बाई, बारा मिनिटं उशीर? झालं काय?"

"चाकात हवा कमी वाटली," नवऱ्याकडे न बघता ती म्हणाली. "उतरून सहाही चाकं तपासली. दोनदा."