दोरीचं टोक

पिंपळगावला सासरी येऊन अर्पिताला आठवडाच झाला होता. धुतलेल्या वाकळांना, म्हणजे गोधड्यांना, ऊन लागावं म्हणून तिनं ओसरीपासून गोठ्यापर्यंतच्या दोरीचं गोठ्याकडचं टोक सोडून विहिरीपलीकडच्या खांबाला बांधलं. ओल्या वाकळा घेऊन ती वळली, तर आंधळे सासरे दोरीवर हात सरकवत झपाझप निघालेले. आत्ता तिच्या लक्षात आलं. दोरी कपड्यांची नव्हतीच, त्यांची गोठ्याची वाट होती. आणि विहिरीला कठडा नव्हता. “मामाजी, थांबा,” ती अदबीनं म्हणाली. विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीच्या घरघरीत आवाज विरला. सासरे काठाशी पोचले. वाकळा फेकून ती बेंबीच्या देठापासून ओरडली, “थांब म्हाताऱ्या, विहीर हाय!” उचललेला पाय मागं आला. पायाखालचा खडा पाण्यात वाजला. “चुकलं, मामाजी,” ती म्हणाली, “तोंडातून एकेरी निघालं.” “बराबर केलंस, पोरी,” सासरे म्हणाले. “मामाजी-मामाजी करत बसली असतीस, तर उद्यापासून फोटोला म्हणावं लागलं असतं.”