सात खड्यांची बाटली

सासूच्या पित्ताशयातून निघालेले सात खडे टीव्हीशेजारी बाटलीत ठेवले होते. प्रत्येक पाहुणा ती हलवून बघायचा. सोनालीलाही तिथेच, बरगडीखाली दुखायचं. पण मुरबाडला तीनदा सोनोग्राफी केली, खडा दिसलाच नाही. "खडा नाय, तर दुखतंय काय?" म्हणत नवरा शेतावर निघून जायचा. शेवटी शहापूरच्या डॉक्टरांना वेगळ्या तपासणीत कळलं, तिचं पित्ताशय नीट आकुंचनच पावत नव्हतं. ऑपरेशनच्या कागदावर सही करतानाही नवऱ्याने विचारलं, "खडा निघल ना?" शुद्धीवर येताच सोनालीनेही सासूला तेच विचारलं. "नाय गो." इकडेतिकडे बघत सासूने कनवटीतून आपली बाटली काढून तिच्या मुठीत कोंबली. "तो येतोय. तुजेच म्हनून दाखव." व्हरांड्यात त्याच्या चपला वाजल्या. सोनालीने मूठ चादरीखाली लपवली. बाटली दाखवायच्या आधी त्याने एकदा, नुसतं एकदा विचारावं, "खूप दुखायचं का गो?"