एकच मुलगी

नाटकाला घालायचे बूट इझमेने काढले, पुन्हा चढवले, परत काढले. चावत होते. पण किंग्सटाऊनला जायचं, लेखिकेची बहीण म्हणून पहिल्या रांगेत बसायचं, आणि पायात घरातल्या चपला, हे तिच्या हिशेबात बसत नव्हतं.

"दुसरे घाल की," शेजारीण एल्फ्रीडा दारातून म्हणाली.

"दुसरेही चावतात. लहानपणापासून मला कुठला बूट नीट आलाय?"

हे खरं होतं. आई बोटीने इंग्लंडला गेली तेव्हा इझमे चिमुरडी होती. ती मागे बेटावरच, लेयू गावात आजीपाशी राहिली. नाताळ जवळ आला की आजी तिला तपकिरी कागदावर उभं करायची, पावलाभोवती पेन्सिल फिरवायची आणि तो कागद आईला धाडायची. आई तिकडे इंग्लंडात, वायकम गावी खुर्च्यांच्या कारखान्यात होती. ती कागदाबरहुकूम बूट घ्यायची, खोक्यात भरून पाठवायची. खोका केळ्यांच्या बोटीने रमतगमत यायचा. तोवर पाऊल पुढे निघून गेलेलं असायचं.

मधल्या काळात आईला तिकडे दुसरी मुलगी झाली. बेवर्ली. तिचं माप कागदावर घ्यायची गरज नव्हती, पाय दुकानातच हजर. इझमेच्या मत्सराचं खातं इथे उघडलं आणि पुढे त्यात नुसती भर पडत गेली. बेवर्लीला आई मिळाली. शाळा मिळाली. आईच्या शेवटच्या दुखण्यात उशाशी बसायला मिळालं. इझमेला मिळाले घट्ट बूट.

वर बेवर्लीने आईवर कादंबरी लिहिली आणि ती गाजली. एक प्रत लेयूला आली. इझमेने ती खिडकीच्या फटीत घातली, वाऱ्याने खिडकी आपटू नये म्हणून. पुस्तक जाड होतं, कामाला आलं.

मग एकदा रेडिओवर बेवर्लीची मुलाखत लागली. इझमे रताळी सोलत ऐकत होती. ही तुमच्याच घरची गोष्ट का, असं कुणीतरी विचारलं. बेवर्ली हसली. "बरीचशी. फक्त पुस्तकात मुलगी एकच आहे. दुसरीला जागा नव्हती."

इझमेने रेडिओ बंद केला. ते रताळं तिने इतकं सोललं की त्यात रताळं उरलं नाही.

आता त्याच कादंबरीचं नाटक किंग्सटाऊनला लागलं होतं. बेवर्ली त्यासाठी मुद्दाम इंग्लंडहून आली होती. तुझी खुर्ची राखलीय ताई, यायचंच, असा तिचा फोन आला, तेव्हा इझमे इतक्या गोडीने हो म्हणाली की एल्फ्रीडाला संशय आला. खोदून विचारल्यावर बेत बाहेर पडला. नाटक संपलं की लेखिकेला वर बोलावतील. त्या वेळी इझमे उठणार आणि भरल्या सभेत एकच वाक्य बोलणार. निरफणस भाजता भाजता तिने ते पाठही केलं होतं.

"या बाईला दोन मुली होत्या."

"आवाज चढव," एल्फ्रीडा म्हणाली. "मागच्यांना ऐकू गेलं नाही तर भांडण फुकट." मग जरा थांबून तिने विचारलं, "पुस्तक वाचलंयस ना पण?"

"ज्यात मी नाही ते मी कशाला वाचू?"

दोघी व्हॅनने निघाल्या. बेवर्ली नाट्यगृहाच्या दाराशीच उभी होती. इझमेने आधी तिचे पाय पाहिले. मऊ, महागाचे बूट, मापात बसलेले. बेवर्लीने मिठी मारली. तिचे हात गार पडले होते.

"आवडलं नाही तर तोंडावर सांग हं ताई."

"सांगणारच आहे," इझमे म्हणाली.

दोघी बहिणी शेजारी बसल्या, एल्फ्रीडा मागच्या रांगेत. अंधार झाल्यावर इझमेने हळूच बूट काढले. पडदा उघडला.

रंगमंचावर तपकिरी कागद पसरलेला होता. त्यावर एक अनवाणी मुलगी उभी होती आणि एक म्हातारी गुडघ्यांवर बसून तिच्या पावलाभोवती पेन्सिल फिरवत होती. "हलू नकोस गं. पाय आहे तस्सा जाऊ दे तुझ्या आईकडे."

लोक हसले. इझमे हसली नाही. ही सुरुवात असेल, खरी मुलगी पुढे येईल, म्हणून ती वाट बघत राहिली. वायकम आलं, धुकं आलं, भाड्याची खोली आली, कारखान्याचा भोंगा झाला. आई कामावरून यायची आणि भिंतीवर नवा कागद टाचायची. छोटं पाऊल, त्याच्या शेजारी जरा मोठं, त्याच्या शेजारी आणखी मोठं. मध्यंतर झालं. दुसरी मुलगी आली नाही. आई अंथरुणाला खिळली तेव्हाही उशाशी कुणी नव्हतं. ती भिंतीवरच्या पावलांशी बोलत होती.

"तू कुठेयस यात?" इझमेने कुजबुजत विचारलं.

"मी नाहीच." बेवर्लीने मान वळवली नाही. "होते मी तिथे. पण ती बोलायची त्या भिंतीशी. लहानपणी मी एकदा कागदावर माझं पाऊल काढून तुझ्या पावलांशेजारी टाचलं होतं. तिने हसून काढून टाकलं. म्हणाली, तू आहेस की इथे."

टाळ्या सुरू झाल्या. लेखिकेला वर बोलावलं गेलं. बेवर्ली बसल्या जागेवरून हलली नाही.

इझमे अनवाणीच उठली. मागून एल्फ्रीडाने तिची बाही खेचली. "नको गं." इझमेने बाही सोडवून घेतली, बहिणीचा हात धरून तिला उभं केलं, आईचं काम करणाऱ्या नटीकडे बोट दाखवलं, आणि पाठ केलेलं वाक्य अगदी मागच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात म्हटलं.

"या बाईला दोन मुली होत्या."