जावेचा तवा

"ताई, ताणताना माझं पीठ का फाटतं हो?" गिझलानने विचारलं. पाठीवर पाच महिन्यांचं बाळ बांधलेलं, हात कोपरापर्यंत तेलात.

इत्तोने धाकट्या जावेच्या परातीत बोट दाबून पाहिलं. गोळ्यांना तेल चोपडून तासभर झाकून ठेवायचं, एवढीच गोम होती. मसमन म्हणजे चौकोनी घडीची पोळी. इत्तोइतकी पातळ ती सफ्रू गावात कुणाची होत नसे.

"मैदा जुना दिसतोय," ती म्हणाली.

शुक्रवारपासून गिझलान मसमन विकायला खालच्या दाराशी तवा मांडणार होती. ते दार इत्तोने बारा वर्षांपूर्वीच हेरलं होतं. तवा कुठे, स्टूल कुठे, किटली कुठे, सगळं ठरलेलं. मग एक बाळंतपण, दुसरं, तिसरं. "पोरं जरा मोठी होऊ देत," असं ती दर ईदला नवऱ्याला म्हणायची. आणि ही काल आलेली, अंगावरचं मूल घेऊनच बसायला निघाली.

गिझलानने दुसऱ्या दुकानातून मैदा आणला. तोही फाटला. गुरुवारी ती जिन्यात बसून रडली. इत्तोने तिचं बाळ कडेवर घेतलं, तिची पाठ थोपटली. गोळे झाकून ठेवायचं सांगितलं मात्र नाही.

शुक्रवारी चहाच्या वेळी इत्तो गच्चीच्या कठड्याआडून पाहत राहिली. मसमन फाटत होत्या, गिझलान भोकावर दुसरी घडी घालून झाकत होती. तरी माणसं थांबत होती.

"कुणाकडे शिकलीस गं?" एका म्हातारीने विचारलं.

"वरच्या ताईंकडे. त्यांच्या हाताची सर नाही याला."

इत्तो चटकन मागे सरली. तिचे कान तापले होते.

ती स्वयंपाकघरात गेली आणि परातीत मैदा काढला. तेवढ्यात तिचा नवरा हद्दू खालून चार मसमन घेऊन वर आला.

"तू कशाला खटपट करतेस आता? दारात आयत्या मिळतात."

पोरं तुटून पडली. उरलेला तुकडा इत्तोने मधात बुडवून तोंडात टाकला. सावकाश चावला.

"अजून दोन आणा," ती म्हणाली. "आणि पैसे देऊन आणा."

"अगं, भावाच्या बायकोला कसले पैसे?"

"फुकट नको म्हणते ना मी."

हद्दू जिना उतरून गेला. इत्तोने परातीतला मैदा परत डब्यात ओतला.