भाडेकरूची मोटरसायकल

ट्रकमधून लाकडी खोकं उतरवायला सहा माणसं लागली, तरी ते फाटकातून आत जाईना. शेवटी रामलिंगअप्पांनी फाटकाचं एक दारच काढायला लावलं.

गौरम्मा ओट्यावरून बघत होती. फळ्या निघाल्या, आतला कागद फाटला आणि गल्लीतल्या लोकांनी तोंडात बोटं घातली. म्हशीएवढी काळीभोर मोटरसायकल.

"ह्याच्यापायी आठ महिने हेलपाटे घातलेत तुमी?" ती नवऱ्याला म्हणाली.

अप्पा आंतोनकडं बघत होते. गाडीच्या टाकीवर हात ठेवून तो उभा होता, डोळ्यांत पाणी.

आंतोन त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायचा. मूळचा पोलंडचा. रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून दोन वर्षांपूर्वी लातूरला आलेला. मराठी तो कामगारांकडून शिकला, त्यामुळं तोंडात सगळं 'हाय' आणि 'न्हाई'. माणूस गुणी. जिना स्वतः झाडायचा, गौरम्माच्या हातची भाकरी आणि शेंगाची चटणी मागून घ्यायचा. पण पोलंडहून ही गाडी आणायचं खूळ डोक्यात शिरलं आणि त्याला दुसरं काही सुचेना. कागद पोलंडला गेले, तिथून मुंबईला आले, एक शिक्का राहिला म्हणून परत गेले. अप्पा निवृत्त हेडमास्तर. अर्ज लिहिण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. ते त्याच्यासोबत दोनदा मुंबईला जाऊन आले, आरटीओत तर किती चकरा झाल्या त्याला गणतीच नाही.

गौरम्माला खटकत होतं ते वेगळंच. आंतोनची आई तिकडं एकटी होती. सत्तरी ओलांडलेली, नवरा वारलेला. आंतोननं एकदा फोटो दाखवला होता. बर्फात बुडालेलं बुटकं घर, दारात पांढऱ्या केसांची काटकुळी बाई.

"अरं, आईला आण की इकडं," गौरम्मा म्हणायची. "दोन खोल्या हायत तुला. सोबतीला मी हाय."

"आणतो मावशी. आधी गाडी. मग आई."

हे उत्तर तिच्या काळजात रुतून बसलं. तिचा दयानंद सहा वर्षांपासून ऑस्ट्रेलियात होता. त्याचंही असंच. आधी नोकरी, मग घर, मग गाडी. गौरम्माचा पासपोर्ट कपाटात साड्यांखाली कोराच्या कोरा पडून होता.

गाडी आली, नंबर मिळाला, तरी आंतोन ती चालवेना. कारखान्यातून आला की आधी फडकं घ्यायचा, चाकाची तार न् तार पुसायचा. मग गाडी सुरू करायचा आणि मोबाइल इंजिनाजवळ धरायचा.

"हे काय करायलास?" गौरम्मानं विचारलं.

"आईला आवाज ऐकवायलोय."

लेकाचे दोन शब्द ऐकायला बसलेल्या म्हातारीला हा इंजिनाची धडधड ऐकवतो! गौरम्माला तिथं उभं राहवेना.

"चालवत का न्हाईस पण?" एकदा अप्पांनी विचारलं.

"लायसन न्हाई, अप्पा."

अप्पांनी दुसऱ्याच दिवशी लायसनचा अर्ज भरून आणून दिला. आंतोननं तो नीट घडी घालून खिशात ठेवला आणि हसला. पंधरा दिवस झाले, गाडी जागची हलली नाही. इथल्या रस्त्यांना भ्यायला असंल बिचारा, असं अप्पांनी ठरवून टाकलं.

एका रविवारी सकाळी दयानंदचा फोन आला. ह्या वर्षी काही जमत नाही, पुढच्या वर्षी नक्की नेतो म्हणाला. गौरम्मानं फोन ठेवला, पदरानं डोळे पुसले आणि ती अंगणात आली. समोर आंतोन गुडघे टेकून गाडी पुसत होता.

तिचा तोल सुटला. "लोखंडाला जीव लावायलास आणि जन्म दिली ती तिकडं थंडीत कुडकुडायलीय! लाज वाटत न्हाई? आईला आणायचं न्हाई तर खोली खाली कर माझी!"

अप्पा धावत बाहेर आले. आंतोन उभा राहिला. चेहरा उतरलेला.

"मावशी, पंधरा दिवस द्या," एवढंच तो म्हणाला.

बाराव्या दिवशी तो आईला आणायला नांदेडच्या विमानतळावर गेला. गौरम्मानं सकाळपासून घर डोक्यावर घेतलं. जिना चढायला नको म्हणून खालच्या खोलीत पलंग टाकला. म्हातारीला चावायला सोपा म्हणून मऊ भात शिजवला. पाय शेकायला पाण्याची पिशवीसुद्धा काढून ठेवली.

दुपारी टॅक्सी दाराशी थांबली. आंतोनचा हात धरून हेलेनाबाई उतरल्या. फोटोपेक्षाही वाळलेल्या. गौरम्मानं त्यांचे दोन्ही हात धरले आणि तिला भरून आलं. भाषा कळत नव्हती, पण दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

"दमला असाल. बसा, मी चहा आणते," म्हणून ती आत गेली.

चहाला उकळी येते न येते तोच अंगणात मोटरसायकल धडधडली. गौरम्माचं डोकंच फिरलं. आई दारात येऊन दहा मिनिटं झाली नाहीत, आणि ह्याला आज गाडी फिरवायची सुचली! गॅस बंद करून, हातातली सांडशी तशीच घेऊन ती बाहेर धावली. अप्पा तोंडाचा आ वासून फाटकाशी उभे होते, आणि गाडी त्यांच्या समोरून झोकात वळण घेऊन गल्लीत निघाली होती.

हँडल हेलेनाबाईंच्या हातात होतं, आणि मागं आंतोन, डोळे गच्च मिटून, आईच्या कमरेला दोन्ही हातांनी बिलगलेला.