पायवाटेवरचं गवत

सार्वजनिक बागेची आखणी माझ्याकडे आली तेव्हाच मी अडून बसले होते, शोभेचं परकं एकही रोप नको, सगळं इथलंच हवं. त्यामुळे मैदानाच्या कडेची जुनी पायवाट बघून मी हरखलेच. अर्धी वाट टणक, उघडी होती आणि उरलेल्या अर्ध्या रुंदीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, इथलं अस्सल गवत कुणी न पेरता उगवलं होतं.

रोज फिरायला येणारे आजोबा उघड्या बाजूने चालत आले.

"आजोबा, बी धरेपर्यंत या गवतावर पाय ठेवू नका हं."

"मी कुठे ठेवतो?"

"तेही खरंच. एवढी रुंद वाट, पण तुम्ही आपले कडेकडेनेच चालता." मला हसू आलं. "पण नवल बघा, मागच्या वर्षी मी जागा बघायला आले होते, तेव्हा इथे गवताची काडी नव्हती. आता आलं, तेही निम्म्याच वाटेवर!"

आजोबा गवताकडे बघत राहिले.

"मागच्या वर्षी आमची ही होती ना," ते म्हणाले. "ती त्या बाजूने चालायची."